पायाळूच्या घरचं दुखणं

निवृत्त झाल्यापासून लोक मला हटकून विचारतात, "इतकी वर्षं दुसऱ्यांची अंगं चोळलीत, तुमचे हात नाही का दुखत?" दुखतात हो. उजव्या अंगठ्याचं बूड असं ठणकतं की चहाचा कप आता डाव्या हातात धरतो. पण कुणाकडून चोळून घ्यायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. समोरच्याने हात लावला रे लावला की मी मनात त्याची परीक्षा घ्यायला बसतो. याचा तळवा नीट टेकत नाही, हा घाई करतोय, याने तेल फार घेतलं. आमची ही म्हणते, तुम्हाला सुखाने दुखणंसुद्धा भोगता येत नाही. तिचं खरं आहे.

नागपूरच्या धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी मालिश आणि व्यायामाचं काम करत होतो. साठच्या दशकात लागलो आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिलो. आमचे डॉक्टर परदेशात मणक्यांचं शास्त्र शिकून आले होते. मणक्याला नेमक्या जागी नेमका झटका द्यायचा हे काम त्यांचं. 'कट्' असा आवाज यायचा आणि रोगी ओरडायच्या आत मोकळा झालेला असायचा. त्याआधी आखडलेलं अंग सैल करून ठेवायचं आणि नंतर ते पुन्हा आखडू नये म्हणून व्यायाम करून घ्यायचा, हे माझं काम. बायकांसाठी वेगळ्या बाई होत्या. मी मूळचा महाल भागातल्या तालमीतला गडी. पहिल्याच दिवशी मी एका बँकेतल्या साहेबांच्या पाठीवर असा काही जोर काढला की ते टेबलावरून उतरायला लागले. डॉक्टर दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मधुकर, त्यांना उद्या कुस्ती नाही, उद्या त्यांना ऑफिस आहे." त्या एका वाक्याने माझा तालमीतला माज निम्मा उतरला. उरलेला रोग्यांनी उतरवला.

दुखणं कसं ओळखायचं हे डॉक्टरांनी मला फार सोप्या रीतीने शिकवलं होतं. रोग्याला नुसतं विचारायचं, कुठे दुखतं? आणि तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचं. स्नायू दुखत असेल तर माणूस सबंध तळवा ठेवून दाखवतो. सांधा दुखत असेल तर बोट टेकवतो. आणि शीर दाबली गेली असेल तर तो बोटाने रेघ ओढतो, इथून निघते आणि इथपर्यंत जाते. पुढे पुढे मला सवयच लागली. लग्नकार्यात पंगतीला बसलो तरी समोरचा कण्हत उठला की त्याचा हात कुठे जातो तिकडे माझं लक्ष.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. एक मास्तर होते. त्यांचा उजवा खांदा असा धरला होता की हात कानापर्यंत जात नव्हता. सबंध वर्ष त्यांनी फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर शिकवलं, आणि मागच्या बाकावरची पोरं उभी राहून उतरवून घ्यायची. त्यांना मी भिंतीवर बोटं चालवायचा व्यायाम दिला. रोज मुंगीसारखी बोटं वर वर न्यायची. मास्तर मोठे शिस्तीचे, मला भिऊन घरीसुद्धा करायचे. एक दिवस शाळेच्या वेळेत दवाखान्यात आले, हातात खडू तसाच. "आज फळ्याच्या वर तारीख लिहिली," एवढंच बोलले आणि परत गेले. दुसरे एक वकील होते. मान धरली म्हणून यायचे आणि मी मान धरली की समोरच्या पक्षाची बाजू मांडायला लागायचे. बोलता बोलता मान आपोआप हलायची. डॉक्टर म्हणाले, त्यांना थांबवू नकोस, त्यांचा व्यायाम चालू आहे.

हे सगळं गमतीचं झालं. पण ज्या घराची आठवण मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही, ती आज सांगतो. त्या घरातली माणसं आता राहिली नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही.

त्यासाठी आधी पायाळू म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्लीच्या मुलांना तो शब्दही ठाऊक नसतो. जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. कमरेत उसण भरली, पाठीत चमक निघाली, की लोक पायाळू माणसाकडे जायचे. दुखणाऱ्याने पालथं पडायचं, पायाळूने दुखऱ्या जागेला पाय लावायचा, आणि दुखणं गेलंच पाहिजे. पायाळूने त्याबद्दल काही घ्यायचं नाही ही रीत. नागपुरातल्या बहुतेक गल्ल्यांमध्ये असं एखादं माणूस असायचंच, आणि आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांच्या पाठीला आधी कुणाचा तरी पाय लागून गेलेला असायचा. मी चिडायचो. डॉक्टर चिडत नसत. ते म्हणायचे, "साधी लचक असेल तर कुणीही मायेने हात लावला तरी ती सुटते. थोडंफार आपणही तेच करतो. फक्त कुठे दाबायचं नाही, हे आपल्याला शिकवलेलं असतं."

गणपतरावांना आमच्याकडे सायकलरिक्षात आडवं घालून आणलं होतं. तिशी नुकतीच ओलांडलेला, हाडापेराने मजबूत, कोष्टी माणूस. घरी खड्ड्याचा माग. म्हणजे विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या आळीपाळीने दाबत राहतो. हाताने धोटा मारायचा आणि पायाने पावडी. दिवसभर माणूस कमरेत वाकलेला. मी विचारलं, कुठे दुखतं? त्यांनी डाव्या कुल्ल्यापासून निघून मांडीमागून, पोटरीच्या बाहेरून, पार पायाच्या अंगठ्यापर्यंत रेघ ओढली. मला कळायचं ते कळलं. पण त्याहून वाईट म्हणजे डावं पाऊल वर उचललं जात नव्हतं. चालायला गेले की चप्पल गळून मागे राहायची.

डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं?"

"मागावर बसल्या बसल्या झालं जी," गणपतराव म्हणाले. बरोबर आलेली बायको खाली बघत राहिली.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दोन मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर बसली आहे. फळीवर चित पडून राहायचं, कमरेला पट्टा बांधून पायथ्याशी वजन टांगायचं. कमरेला कुणीही हात लावायचा नाही. पण पाय मात्र रोज चोळायचा, पाऊल हलवत ठेवायचं, नाहीतर स्नायू वाळून जाईल. पाऊल आपणहून हललं तर ठीक. नाही हललं तर ऑपरेशन, आणि त्याचीही खात्री नाही. ज्याला दोन्ही पायांनी पावड्या दाबून पोट भरायचं त्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

रोज रिक्षात घालून आणणं शक्य नव्हतं. अशा वेळी डॉक्टर मला घरी पाठवायचे. मी जायचो ते मालिश करायला कमी आणि घरातल्या कुणाला तरी शिकवायला जास्त. आम्ही त्याला 'घरचा हात' म्हणायचो. घरचा हात तयार झाला की निम्मं काम झालं.

मी सायकल काढून त्यांच्या गल्लीत शिरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी मागांचा खटक-खटक आवाज येत होता. त्यांच्याच घरातून येत नव्हता. मागावर अर्धवट विणलेलं लुगडं होतं आणि त्यावर धुतलेली चादर घातली होती. बाजूलाच फळीवर गणपतराव, पायथ्याशी दोरीला विटा टांगलेल्या. बायको सगुणाबाई भिंतीशी बसून दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. आणि आतल्या दारात गणपतरावांची आई. सगळी गल्ली तिला मोठी माय म्हणायची. उंच, काटक, पांढरे केस घट्ट बांधलेले. मी नमस्कार केला तर तिने तोंड फिरवलं आणि आत निघून गेली.

इतक्यात दारात एक शेजारी कमरेवर तळवा ठेवून, वाकडा होऊन उभा राहिला. "मोठी माय, चमक भरली वं. जरा पाय दे."

आतून आवाज आला, "जाय दवाखान्यात."

"काहून? मी का परका हाओ?"

"जाय म्हणलं नं! पाय बंद हाये माहा."

म्हणजे ही बाई पायाळू होती. आणि मला वाटलं, हिचा माझ्यावर राग आहे. मुलगा हिला सोडून धंतोलीला गेला, आता दवाखान्याचा माणूस घरात आला, म्हणून हे फणकारे चालले आहेत. मी मनात म्हटलं, असू दे. आपण आपलं काम करावं.

सगुणाबाईंना शिकवायला घेतलं. परक्या बाईचा हात धरून शिकवायची सोय नव्हती. मी म्हटलं, "वहिनी, पुरणपोळीची कणीक मळता नं? तशी मळून आणा." त्यांनी परातीत मळून आणली. मी कणकेवर दाखवू लागलो. बोटांनी टोचायचं नाही, तळव्याचं बूड टेकवायचं, लोटायचं, गोळा करायचा, सोडायचा. सगुणाबाईंचा हात चांगला होता. कणीक तर अशी तिंबली की गणपतराव फळीवरून म्हणाले, "आता पोळ्या करून टाक वं, भाऊ जेवून जातीन." पहिल्यांदाच त्या घरात कुणी हसलं.

अडचण पुढेच आली. सासू घरात असताना नवऱ्याच्या अंगाला हात लावायचा म्हणजे डोक्यावरचा पदर सांभाळायचा. एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने पोटरी. मी दोन-तीन दिवस बघितलं. एका हाताने मालिश होत नाही. शेवटी मी आतल्या दाराकडे तोंड करून म्हटलं, "माय, वहिनींले संकोच वाटते. मग तुम्हीच करा. लेकच हाये तुमचा."

म्हातारी उठली ती तडक मागच्या अंगणात गेली. सगुणाबाईंचा चेहरा उतरला. मी पाणी मागायचं निमित्त करून मागे गेलो. ती विहिरीच्या कठड्याला धरून उभी होती.

"मले नोको सांगू," ती म्हणाली. "म्या हात नाही लावत त्याले."

"काहून पण?"

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्या दिवशी त्याच्या कमरेत चमक भरली. म्या म्हणलं, ये बापू, पडून घे. म्या पाय देल्ला. माह्या पायानं गल्लीतली सारी मानसं उठून उभी राह्यली, अन् माह्या पोटचं लेकरू आडवं झालं." तिने पदराने तोंड दाबलं. "त्याले काही मालूम नाही. त्याले वाटते मागावर झालं. तू सांगशीन नोको."

तिचा राग माझ्यावर नव्हताच. ती मुलाच्या जवळ यायलाच भीत होती, आणि मी रोज येऊन तिच्या डोळ्यांदेखत तिचा गुन्हा चोळत बसत होतो.

डॉक्टरांना मी विचारलं, पायाने झालं असेल का? ते म्हणाले, "असेल, नसेलही. गादी वर्षानुवर्षं झिजत असते. शेवटचा धक्का शिंकेचासुद्धा पुरतो. कुणीच सांगू शकणार नाही." मी म्हटलं, मग तिला काय सांगू? म्हणाले, "हेच सांग." मी हेच सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पायानंबी होऊ शकते नं?" खोटं बोलायला हवं होतं असं पुष्कळदा वाटतं, पण तिच्या डोळ्यांपुढे खोटं टिकलं नसतं.

त्यानंतर एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. अंगणात कोवळं ऊन होतं. म्हातारी पाय लांब करून बसली होती आणि आपल्या पायांवर नातीला पालथं घालून तेल लावत होती. सगुणाबाईंची तान्ही मुलगी. मी दारातच थांबलो. कुल्ल्यापासून निघालेला हात मांडीवरून, पोटरीवरून एका ओघात तळपायापर्यंत यायचा. मग अंगठ्याने तळवा दाबायचा, एकेक बोट उलगडायचं, पाऊल वर, पाऊल खाली. मी किती वर्षं तालमीत आणि दवाखान्यात घालवली होती, पण इतका न अडखळणारा हात माझा कधीच झाला नाही. पोरगी मुठी चोखत निवांत पडली होती.

मी समोर जाऊन बसलो. "माय, मी वहिनींले जे शिकवून राहिलो नं, ते हेच. काही वेगळं नाही. फक्त लेकरू मोठं हाये."

तिने नातीला उचलून छातीशी धरलं.

"मी तुमचा पाय नाही मागत," मी म्हटलं. "हात मागून राहिलो. कमरेले लावायचाच नाही. गुडघ्याच्या खाली लावायचा. तिथं तुमच्यानं काही बिघडणार नाही, हे मी लिहून देतो."

ती आली. ताबडतोब नाही, पण आली. गणपतरावांनी डोळे मिटले होते आणि तोंड भिंतीकडे केलं होतं. ते झोपले आहेत असं समजून ती फळीच्या पायथ्याशी बसली, दोन्ही हातांना तेल लावलं आणि डावी पोटरी हातात घेतली. मी उभा होतो तिथून मला गणपतरावांचा चेहरा दिसत होता. ते झोपले नव्हते. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं, आणि ते पुसायला हात उचलला तर आईला कळेल म्हणून त्यांनी ते तसंच वाहू दिलं.

तेव्हापासून मी गेलो की नुसता बसून राहायचो. चुकलं तर सांगायचं, पण चुकायचंच नाही. म्हातारी बोलायची नाही. कधी कधी विसरून जायची आणि तान्ह्या पोरीला लावताना जे पुटपुटायची तेच मुलाच्या पायाशी पुटपुटायची. सगुणाबाई कांड्या भरता भरता हसू दाबायच्या. मोकळेपणाने सांगतो, मला ते सगळं बघून स्वतःच्या आईची आठवण यायची.

एकदा म्हातारी बाजारात गेली होती. गणपतरावांनी मला जवळ बोलावलं.

"मधुभाऊ, एक गोष्ट सांगतो. तिले सांगू नका." मी म्हटलं, बोला. "मायनं पाय देल्ला नं, तवाच कट् झालं. मले समजलं. सारी कंबर पेटली. पन तिचं तोंड पाह्यलं, ते अशी पाहून राह्यली होती मले. मी म्हणलं, आराम पडला माय. अन् उठलो. तसाच मागावर जाऊन बसलो. थ्या खड्ड्यात पाय सोडला अन् तिथंच गेला." जरा थांबून म्हणाले, "तिले वाटलं पायजे का मागावर झालं. नाही तं माय मरून जाईन."

म्हणजे आई मुलापासून लपवत होती आणि मुलगा आईपासून, आणि दोघांनीही आपापली गोष्ट माझ्याकडे ठेवायला दिली होती. आमच्या धंद्यात हे होतं. अंगाला हात लागला की माणसं मनातलं बोलतात, आणि ऐकणाऱ्याला ते घरी न्यावं लागतं. मी दोघांनाही शब्द दिला आणि दोघांचाही पाळला. पण त्या दिवसांत मला त्या घरात पाणी प्यायचंसुद्धा अवघड वाटायचं, न जाणो तोंडून काय निघून जाईल.

पाऊल हललं तो दिवस काही खास नव्हता. म्हातारी रोजच्यासारखी बोटं उलगडत होती. ती एकदम थांबली. "तू केलं का?" तिने विचारलं. गणपतराव म्हणाले, "काय?" "अंगठा. पुन्हा कर." त्यांनी डोळे घट्ट मिटले, कपाळाची शीर तटतटली, आणि अंगठा वर आला. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा वर आला असेल. सगुणाबाईंच्या हातातली कांडी सुटून दोरा उलगडत पार दारापर्यंत गेली आणि कुणी उचलायला उठलं नाही. म्हातारीने दोन्ही हातांनी ते पाऊल धरलं आणि त्यावर कपाळ टेकलं. लेकाच्या पायावर आईने डोकं टेकू नये, पण तिला कोण सांगणार होतं?

पुढचं काम महिन्यांचं होतं. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढून टाकला. गणपतराव काठी घेऊन चालले, मग काठी सोडून चालले. मागाची बैठक आम्ही उंच करून घेतली, पाठीला टेका दिला आणि मध्ये मध्ये उठायचं ठरवून दिलं. डाव्या पायाचा जोर उजव्याइतका कधीच झाला नाही, पण पावडी दाबली जायची. चादर काढून त्यांनी पहिला धोटा मारला तेव्हा गल्लीतले दोन-चार जण काम टाकून दारात आले होते.

सगळं ठीक झालं, म्हातारी सोडून. तिने पाय दिला नाही तो नाहीच. लोक दारात येऊन परत जायचे. हळूहळू येईनासे झाले, पलीकडच्या गल्लीत दुसरं एक पायाळू माणूस होतं तिकडे जाऊ लागले. पूर्वी ती संध्याकाळी ओट्यावर बसायची, येणारा-जाणारा हाक मारून जायचा. आता आत चुलीशी बसायची. मी मनातून खूश होतो हे कबूल करायला हवं, आमच्या शास्त्राचा विजय झाला म्हणून. गणपतराव खूश नव्हते. मी गेलो की ते ओट्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "घर सुनं वाटते जी."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मारबत बघायला बोलावलं. नागपूरकरांना सांगायला नको. काळी आणि पिवळी अशा प्रचंड बाहुल्यांची मिरवणूक निघते आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणून सगळं शहर ओरडतं. मी सकाळीच गेलो. सायकल टेकवून आधी गणपतरावांची पाठ तपासली, वाकवून बघितलं, पाय उचलून बघितला. पाठ स्वच्छ होती. कुठे गाठ नाही, ताण नाही. मी म्हटलं, आता मला फक्त चहाला बोलवत जा.

गल्लीत माणसं जमायला लागली. ओटे भरले. म्हातारी आतच होती. एकाएकी गणपतरावांनी कमरेवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले, "आई गं! चमक भरली!" आणि भर ओट्यावर पालथे पडले. "माय! ये वं माय! पाय दे!"

इतक्या महिन्यांची मेहनत आणि हा माणूस त्याच कमरेवर पाय मागतो? मी पुढे झालो. सगुणाबाई दारात उभ्या होत्या. त्या पुटपुटल्या, "राहू द्या, मधुभाऊ." त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी थांबलो.

म्हातारी बाहेर आली. आडवा पडलेला मुलगा तिने पाहिला. "नाही," ती म्हणाली. "म्या नाही."

"दे वं माय. किती येळ पडू? लोकं हासून राह्यले."

तिने चौकट धरली. माझ्याकडे बघितलं. मी काय खूण केली ते मला आठवत नाही, बहुधा काहीच केली नाही. तिने पाऊल उचललं आणि त्याच्या कमरेवर ठेवलं. मी जवळ उभा होतो म्हणून सांगतो, सदऱ्याला सुरकुतीसुद्धा पडली नाही. सगळा भार तिने चौकटीवर आणि दुसऱ्या पायावर घेतला होता. पाय लावला आणि लगेच काढून घेतला.

गणपतराव उठून बसले, उभे राहिले, उजवीकडे डावीकडे वाकले. "गेली!" ते म्हणाले. "एकदम आराम पडला!"

कोणीतरी हसलं. पूर्वी परत गेलेला तो शेजारी पुढे सरकला आणि म्हणाला, "मंग माहीबी पाहून घे मोठी माय, कवाची धरली हाये." ती त्याला म्हणाली, "पड तिथं." तेवढ्यात मारबत आली, ढोल वाजायला लागले आणि ज्याने त्याने माना उंचावल्या.

डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ते माझ्यावर संतापले. म्हणाले, तू तिथे असून थांबवलं नाहीस? मी म्हटलं, नाही थांबवलं. पुढे बरेच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि त्यांचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मिरवणूक पुढे गेली, गल्ली रिकामी झाली. गणपतराव पोरीला खांद्यावर घेऊन मारबतीमागे गेले होते. मी सायकलचं कुलूप काढत होतो. म्हातारी ओट्यावर बसली होती, बऱ्याच दिवसांनी. मी म्हटलं, "चला, माय. लेकाची चमक गेली, बरं झालं."

ती रस्त्याकडेच बघत होती. म्हणाली, "त्याले चमक नोहती, बाप्पा. तुलेबी मालूम हाये, सकाळीच पाह्यलं तुनं."

मी सायकल पुन्हा ओट्याला टेकवली.

"लहानपणापासून खोटं बोलता येत नाही त्याले," ती म्हणाली. "त्या दिवशीबी असाच बोलला. 'आराम पडला माय' म्हणे. अन् तोंड पांढरंफटक. म्याबी समजलं नसल्यावानी केलं." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग आत तोंड करून हाक मारली, "सगुणे, चहा ठेव वं. भाऊ निघून राह्यले."